सातपुड्याच्या दगडातलं घड्याळ

तळोद्याहून धडगावला निघालं की चांदसैली घाट लागतो. रस्त्यासाठी फोडलेला काळा कातळ वळणावळणाला अंगावर येतो. पावसाळ्यात दरड कोसळली की हाच कातळ रस्त्यावर येऊन बसतो आणि वाहतूक अडते. घाट चढून वर आल्यावर समोरचे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. एक उभा कडा, मग थोडी सपाटी, पुन्हा कडा. यातली एकेक पायरी म्हणजे जमिनीच्या भेगांतून वर येऊन पसरलेला आणि थिजलेला लाव्हा. अशा खडकांना भूशास्त्रात ‘ट्रॅप’ म्हणतात, आणि तो शब्द आला आहे ‘जिना’ या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून. अक्राणी तालुक्यातलं तोरणमाळ याच जिन्याच्या वरच्या अंगाला, अकराशे मीटरहून अधिक उंचीवर वसलं आहे.

दख्खनच्या या लाव्हांचा मोठा भाग सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी बाहेर पडला, असं आज शाळेच्या पुस्तकातही लिहिलेलं असतं. हे वय सांगणाऱ्या पद्धतींपैकी सगळ्यात जास्त वापरली गेलेली पद्धत पोटॅशियमच्या एका दुर्मीळ समस्थानिकावर उभी आहे. हे घड्याळ इतकं सावकाश का चालतं, याचं उत्तर मात्र दगडात नाही, लाव्हात नाही, ज्वालामुखीतही नाही. ते दगडातल्या अणूच्याही पोटात, त्याच्या केंद्रकात आहे. तिथंही एक जिना आहे, आणि या घड्याळाची गती त्या जिन्यावर कोण कुठल्या पायरीवर बसलं आहे यावर ठरते.

घाटातला एक किलोभराचा दगड उचलावा. एका हातात तो जेमतेम मावतो. दख्खनच्या बेसाल्टमध्ये पोटॅशियम फार नसतं. या दगडात ते सुमारे ३ ग्रॅम आहे असं धरू. त्यातलं ९३ टक्क्यांहून अधिक असतं पोटॅशियम-३९, पावणेसात टक्क्यांच्या आसपास पोटॅशियम-४१, आणि उरलेलं अगदी नगण्य, ०.०११७ टक्के, म्हणजे दहा हजार अणूंमागे जेमतेम एक, पोटॅशियम-४०. पहिली दोन समस्थानिकं स्थिर आहेत. तिसरं फुटतं. या एका दगडात दर सेकंदाला पोटॅशियम-४० ची नव्वदेक केंद्रकं फुटतात. लाव्हा थिजला तेव्हापासून हे अखंड चाललं आहे.

हे ऐकून दगड खाली ठेवायची गरज नाही. धडगाव परिसरात उन्हाळ्यात आमचुरासाठी कैऱ्या सोलून फोडी वाळत घालतात. त्या फोडींतही हेच पोटॅशियम असतं. ७० किलो वजनाच्या माणसाच्या अंगात सुमारे १४० ग्रॅम पोटॅशियम असतं आणि त्यातली चार हजारांवर केंद्रकं दर सेकंदाला फुटतात. मज्जातंतूंमधून संदेश जायला पोटॅशियम लागतंच, आणि पोटॅशियम घेतलं की त्यातलं ते दहा हजारातलं एकही बरोबर येतं.

पोटॅशियम-४० चं अर्धायुष्य आहे १२५ कोटी वर्षं. एवढ्या काळात असतील त्यातली निम्मी केंद्रकं फुटतात. याच्या शेजारच्या घरातलं पोटॅशियम-४२ पाहिलं तर थक्क व्हायला होतं. प्रोटॉन तेच १९, न्यूट्रॉन फक्त दोन जास्त, आणि अर्धायुष्य साडेबारा तासांहूनही थोडं कमी! एक आज सकाळी तयार झालं तर रात्रीपर्यंत निम्मं संपतं. दुसरं पृथ्वी जन्मायच्या आधीपासून टिकून आहे. दोघांच्या आयुष्यात जवळपास ९० हजार कोटी पटींचा फरक आहे.

हा फरक समजून घ्यायला १९४९ सालाकडे जावं लागतं.

त्या आधी केंद्रकाचं सर्वमान्य चित्र होतं ते पाण्याच्या थेंबाचं. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन एकमेकांना खेटून असतात, ओढ फक्त शेजाऱ्याची, त्यामुळे सगळं मिळून थेंबासारखं वागतं. हे चित्र युरेनियमचं विखंडन समजावायला छान उपयोगी पडलं. पण काही गोष्टी त्यात बसत नव्हत्या. प्रोटॉनांची किंवा न्यूट्रॉनांची संख्या २, ८, २०, २८, ५०, ८२ किंवा १२६ झाली की केंद्रक विलक्षण घट्ट होतं. ५० प्रोटॉनांच्या कथलाची दहा स्थिर समस्थानिकं आहेत. दुसऱ्या कुठल्याच मूलद्रव्याला एवढी नाहीत. २० न्यूट्रॉन असलेली पाच स्थिर केंद्रकं आहेत: गंधक-३६, क्लोरीन-३७, आर्गॉन-३८, पोटॅशियम-३९ आणि कॅल्शियम-४०. १९ न्यूट्रॉनांचं स्थिर केंद्रक मात्र एकही नाही, आणि २१ न्यूट्रॉनांचंही नाही. थेंबाला असं आकड्यांचं वेड नसतं. युजीन विग्नर यांनी या आकड्यांना ‘जादुई’ म्हटलं, तेव्हा त्यात कौतुकापेक्षा अविश्वासच जास्त होता.

शिकागोजवळच्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मारिया गोपर्ट मायर या आकड्यांच्या मागे लागल्या होत्या. नवरा ज्या विद्यापीठात प्राध्यापक, तिथं बायकोला पगारी नोकरी द्यायची नाही, अशा नियमांमुळे त्यांनी आयुष्यातली कित्येक वर्षं विनावेतन काम केलं होतं. शिकागो विद्यापीठातही त्या बिनपगारी प्राध्यापक होत्या, आणि हे लिहायलाच हवं, कारण आधुनिक केंद्रकशास्त्राचा पाया त्यांनी याच काळात घातला.

त्यांच्या मनात चित्र होतं ते अणूतल्या इलेक्ट्रॉनांसारखं. प्रत्येक न्यूट्रॉन, प्रत्येक प्रोटॉन आपापल्या कक्षेत फिरतोय, प्रत्येक कक्षेची एक ऊर्जा, आणि एका पायरीवर ठरावीक जणांनाच जागा. पण केंद्रकात इतकी दाटी असताना कुणी कक्षेत सुखानं फिरेल कसं? पावलोपावली टक्कर व्हायला हवी. याचं उत्तर खानदेशातल्या काळी-पिवळी जीपमध्ये बसलेल्याला लगेच पटेल. गाडी खच्चून भरली की कुणीच जागा बदलू शकत नाही. टक्कर होण्यासाठी दोघांनाही नव्या जागी जावं लागतं, आणि खालच्या सगळ्या जागा भरलेल्या असल्या तर जायला जागाच नसते. म्हणून टक्कर होत नाही. पाउली यांचा नियम हाच: एका अवस्थेत एकच कण.

नुसत्या या चित्रातून २, ८ आणि २० हे आकडे आपोआप निघत होते. पुढचे मात्र चुकत होते. ४०, ७०, ११२ असं काहीतरी येत होतं. २८, ५०, ८२ आणि १२६ काही केल्या येत नव्हते. एकदा मायर यांच्या खोलीत एन्रिको फर्मी यांच्याशी यावर चर्चा चालली असताना फर्मींना फोनसाठी बाहेर बोलावणं आलं. जाता जाता त्यांनी विचारलं, फिरकी आणि कक्षा यांच्या सांगडीचा काही पुरावा दिसतो का? मायर यांच्या डोक्यात त्याच क्षणी सगळे आकडे जागेवर बसले.

ही सांगड मायर पुढं वॉल्ट्झ नाचणाऱ्या जोडप्यांच्या उदाहरणानं समजावत. आपल्याकडे सातपुड्यातली होळी डोळ्यांपुढं आणावी. अंगावर राखेचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला भोपळे आणि घुंगरू बांधलेले बुध्या होळीभोवती फेर धरून नाचतात. आता फेरातला प्रत्येकजण स्वतःभोवतीही गिरकी घेतोय असं समजू. फेर ज्या दिशेनं चाललाय त्याच दिशेनं गिरकी घेणाऱ्याला एक अनुभव येईल, उलट्या दिशेनं घेणाऱ्याला दुसरा. केंद्रकात हा फरक मोठा असतो. फेर आणि गिरकी एकाच दिशेनं असली तर ऊर्जा कमी होते, म्हणजे पायरी खाली सरकते; उलट असली तर वर जाते. मोठ्या फेरांच्या बाबतीत ही सरकण एवढी मोठी असते की पायरी आपला जुना गट सोडून खालच्या गटाला जाऊन मिळते. जिन्यातल्या रिकाम्या जागा नव्या ठिकाणी पडतात, आणि त्या बरोबर २८, ५०, ८२ आणि १२६ वर येतात.

त्याच वेळी जर्मनीत हान्स येन्सन, ओटो हाक्सेल आणि हान्स स्यूस हे तिघं स्वतंत्रपणे याच निष्कर्षाला पोचले होते. दोन्हीकडचे निबंध १९४९ मध्ये छापून आले. मायर आणि येन्सन स्पर्धक व्हायच्या ऐवजी मित्र झाले, दोघांनी मिळून १९५५ मध्ये या विषयावर पुस्तक लिहिलं, आणि १९६३ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलचा अर्धा भाग दोघांनी वाटून घेतला. उरलेला अर्धा विग्नर यांना मिळाला.

आता घाटातल्या त्या दगडाकडे परत येऊ.

पोटॅशियम-४० मध्ये १९ प्रोटॉन आणि २१ न्यूट्रॉन. जादुई आकडा २०. म्हणजे प्रोटॉन एक कमी, न्यूट्रॉन एक जास्त. विसाव्या प्रोटॉनाची जागा रिकामी आहे, आणि एकविसावा न्यूट्रॉन पुढच्या गटाच्या पहिल्या पायरीवर एकटा बसला आहे. बाकी सगळं भरलेलं, शांत, स्वतःची फिरकी एकमेकांत जिरवून टाकलेलं. केंद्रकाची ओळख ठरते ती या दोघांवर: एक रिकामी जागा आणि एक एकटा न्यूट्रॉन.

ती रिकामी जागा ज्या पायरीवर आहे तिचं फिरण्याचं माप ३/२. न्यूट्रॉनाच्या पायरीचं ७/२. दोन्ही मिळून केंद्रकाची एकूण फिरकी २, ३, ४ किंवा ५ होऊ शकते. दोघं एकमेकांशी कुठल्या कोनात उभे राहतात यावर ती ठरते. चार शक्यता, चार ऊर्जापातळ्या. यातली सगळ्यात खालची कुठली? इथं पोटॅशियमचं नशीब ठरतं.

१९५६ मध्ये सुधीर पंड्या या भारतीय भौतिकशास्त्रज्ञानं या प्रश्नाचं सुंदर उत्तर दिलं. त्याच सुमाराला इस्रायलच्या गोल्डस्टाइन आणि ताल्मी यांनीही तेच केलं. पंड्यांनी पोटॅशियम-४० कडे सरळ न पाहता क्लोरीन-३८ कडे पाहिलं. क्लोरीन-३८ मध्ये न्यूट्रॉन २१ च, पण प्रोटॉन १७. जिथं पोटॅशियममध्ये चारांच्या पायरीवर तीन प्रोटॉन आणि एक रिकामी जागा आहे, तिथं क्लोरीनमध्ये एकच प्रोटॉन आहे. पंगतीत चार पानं मांडली आहेत. एकीकडे एकच जण जेवायला बसलाय, दुसरीकडे तीन जण बसलेत आणि एक पान रिकामं आहे. भरल्या पंगतीचा हिशोब ठाऊक असला, तर तिघांचा वेगवेगळा हिशोब मांडायची गरज उरत नाही. पूर्ण पंगतीतून रिकामं पान वजा केलं की झालं. आणि वजा करताना चिन्ह उलटतं.

क्लोरीन-३८ मध्ये पातळ्यांचा क्रम खालून वर असा आहे: फिरकी २, मग ५, मग ३, आणि सगळ्यात वर ४. प्रयोगात मोजल्या गेलेल्या या ऊर्जा पंड्यांनी आपल्या सूत्रात घातल्या आणि पोटॅशियम-४० च्या पातळ्या काढल्या. क्रम पालटला: ४ तळाला, तिच्या अगदी जवळ ३, मग बऱ्याच वर २ आणि ५. प्रयोगात मोजलेला क्रम हाच आहे. ४ ची पातळी शून्यावर धरली तर ३ ची फक्त ३० हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट वर, २ ची ८ लाखांवर, आणि ५ ची सुमारे ८ लाख ९१ हजारांवर. एका केंद्रकाच्या पातळ्यांवरून दुसऱ्याच्या पातळ्या एवढ्या नेमक्या सांगता याव्यात, याचा मायर-येन्सन यांच्या या जिन्याच्या चित्राला, म्हणजे कवचप्रारूपाला, मोठा आधार मिळाला. हे सूत्र आज ‘पंड्या रूपांतर’ म्हणून केंद्रकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत असतं. पंड्या पुढं अहमदाबादच्या भौतिक अनुसंधान प्रयोगशाळेचे, म्हणजे पीआरएलचे संचालक झाले.

तळाला ४ असणं एवढं महत्त्वाचं का, हे फुटण्याच्या वाटा पाहिल्या की कळतं. पोटॅशियम-४० ला दोन वाटा आहेत. शंभरातली ८९ केंद्रकं न्यूट्रॉनाचा प्रोटॉन करून कॅल्शियम-४० होतात. कॅल्शियम-४० दुहेरी जादुई आहे: २० प्रोटॉन, २० न्यूट्रॉन, दोन्ही गट पूर्ण. त्याची फिरकी शून्य. त्याच्या पुढच्या पायरीवर चढायला साडेतेहतीस लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, आणि पोटॅशियमच्या हाताशी आहेत फक्त तेरा लाख. म्हणजे तळमजल्याशिवाय पर्याय नाही, फिरकी ४ वरून थेट ० वर यायला हवी. बाहेर पडणारा इलेक्ट्रॉन आणि त्याच्या जोडीचा न्यूट्रिनो थोडी फिरकी सहज नेऊ शकतात. एकेक एकक वाढलं की काम शेकडो-हजारो पटींनी अवघड होत जातं. चार एककं एका दमात नेणं म्हणजे जवळजवळ अशक्यच. म्हणूनच १२५ कोटी वर्षं.

पोटॅशियम-४२ च्या तळाची फिरकी २ आहे आणि त्याच्या हाताशी ऊर्जाही पस्तीस लाखांच्या आसपास. त्यानं काही तासांत आवरतं घ्यावं यात नवल नाही. पोटॅशियम-४० मध्ये पंगतीतलं पान रिकामं नसतं आणि क्रम क्लोरीनसारखाच राहिला असता, तळाला २ असती, तर ते पृथ्वी घडायच्या आधीच संपून गेलं असतं.

दुसरी वाट आर्गॉनची, आणि भूशास्त्रज्ञांना तीच हवी असते. शंभरातली सुमारे ११ केंद्रकं आपल्याच अणूतला एक इलेक्ट्रॉन गिळून आर्गॉन-४० होतात. इथं तळाशिवाय एक पायरी मिळते: आर्गॉन-४० ची पहिली उत्तेजित पातळी, फिरकी २, उंची १४ लाख ६१ हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट. पोटॅशियमच्या हाताशी १५ लाख ४ हजार. जवळपास चव्वेचाळीस हजारांची फट उरते, एवढ्याशा फटीतून केंद्रक निसटतं. मग त्या पायरीवरून तळाला येताना ते एक गॅमा किरण सोडतं. कुठल्याही प्रयोगशाळेत जर्मेनियमचा शोधक नुसता सुरू करून ठेवला, समोर काहीच नमुना ठेवला नाही, तरी थोड्या वेळानं पडद्यावर १४६१ हजार इलेक्ट्रॉनव्होल्टची रेष उभी राहते. भिंतीच्या विटांमधलं, जमिनीच्या फरशीतलं, माणसांच्या अंगातलं पोटॅशियम तिथं आपली सही करतं. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्राबरोबर चालवल्या जाणाऱ्या पेलेट्रॉन त्वरकावर केंद्रकांच्या अशा पातळ्या शोधल्या जातात. तिथल्या संशोधकांच्या रोजच्या ओळखीची ही रेष.

आर्गॉन वायू आहे, आणि कुणाशी संयोग करत नाही. लाव्हा रसरशीत असताना त्यातला आर्गॉन निघून जातो. थिजल्यावर स्फटिकांत नव्यानं तयार झालेला अडकून पडतो. म्हणजे थिजण्याच्या क्षणी घड्याळ शून्यावर येतं. कॅल्शियमच्या वाटेचा असा उपयोग होत नाही, कारण बेसाल्टमध्ये साधं कॅल्शियम-४० भरपूर असतं आणि त्यात नवं वेगळं ओळखता येत नाही. ६ कोटी ६० लाख वर्षांच्या दगडाचा हिशोब असा: सुरुवातीच्या हजार पोटॅशियम-४० केंद्रकांपैकी सुमारे ३६ फुटली. त्यातली ३२ कॅल्शियम झाली. आर्गॉन झाली फक्त ४. या चारांवरून डोंगराचं वय सांगायचं!

जुन्या पद्धतीत पोटॅशियम एका तुकड्यात आणि आर्गॉन दुसऱ्या तुकड्यात मोजत. झिरपणाऱ्या पाण्यानं कुजलेल्या दगडातून आर्गॉन गळून जातो. म्हणून दख्खनची त्या काळातली वयं कोट्यवधी वर्षांनी इकडेतिकडे होत. नवी पद्धत जास्त खुबीची आहे. दगडातले स्वच्छ कण वेचायचे, ॲल्युमिनियमच्या वर्खात गुंडाळायचे आणि अणुभट्टीत वेगवान न्यूट्रॉनांच्या माऱ्यात ठेवायचे. पोटॅशियम-३९ मधल्या काही केंद्रकांचं आर्गॉन-३९ होतं. मग पोटॅशियमही आर्गॉनच्याच रूपात मोजता येतं, एकाच कणातून, एकाच यंत्रावर. कण निर्वातात टप्प्याटप्प्यानं तापवतात. आधी बाहेर येतो कडेचा, बिघडलेला वायू, नंतर आतला शाबूत. वय सांगायला हा आतला वायू उपयोगी पडतो.

पीआरएलमध्ये वेंकटेशन, पांडे आणि गोपालन यांनी १९९३ मध्ये याच पद्धतीनं पश्चिम घाटातल्या लाव्हांची वयं प्रसिद्ध केली. ज्या संस्थेचे पंड्या संचालक होते, तिथंच पोटॅशियमचं घड्याळ दख्खनवर लावलं गेलं. कांचन पांडे पुढं आयआयटी मुंबईत आले आणि तिथं या मापनाची राष्ट्रीय सुविधा उभी राहिली. तिथले नमुने तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीतून न्यूट्रॉन खाऊन येत. आयआयटीच्या भूशास्त्रज्ञांनी नंदुरबार-धुळे भागातल्या डाइकांचाही, म्हणजे भेगांत थिजलेल्या लाव्हाच्या त्या लांबच लांब काळ्या भिंतींचाही, अभ्यास केला आहे. तापीच्या खोऱ्यातून सातपुड्याकडे पाहिलं की त्या शेतांमधून डोकं वर काढून उभ्या दिसतात.

धडगावच्या हवेतही हे घड्याळ आहे. हवेत ०.९३ टक्के आर्गॉन असतो, कार्बन डायऑक्साइडच्या वीस पटींहून जास्त, आणि त्यातला ९९.६ टक्के आर्गॉन-४०. १९३७ मध्ये वाइत्सेकर यांनी हवेत एवढा आर्गॉन कुठून आला यावर विचार करून सांगितलं की तो पोटॅशियमपासून आला असला पाहिजे. १९४८ मध्ये ऑल्ड्रिच आणि नीर यांनी जुन्या पोटॅशियमयुक्त खनिजांत आर्गॉन-४० मोजून दाखवला. पृथ्वी जन्मली तेव्हा तिच्यात आजच्या बारा पट पोटॅशियम-४० होतं; ज्वालामुखींनी त्याचा आर्गॉन हळूहळू हवेत सोडला.

या हिशोबात एक दुवा मात्र फार काळ नुसता गृहीत धरलेला होता. आर्गॉनच्या वाटेनं जाणारी सगळीच केंद्रकं १४ लाख ६१ हजारांच्या पायरीवर थांबतात का? की काही ४ वरून थेट ० वर, तळमजल्यावर उडी मारतात? अशी उडी मारली तर गॅमा किरण येत नाही, त्यामुळे ती मोजणं महाकठीण. कुणी तिला शून्य धरत, कुणी सैद्धांतिक अंदाज घालत. २०२३ मध्ये ‘केडीके’ या आंतरराष्ट्रीय गटानं अमेरिकेतल्या ओक रिज इथं केलेल्या प्रयोगातून ती पहिल्यांदा मोजली. पोटॅशियम-४० च्या दर हजार फुटण्यांत साधारण एकदा ही थेट उडी होते. आकडा छोटा आहे, पण आर्गॉनच्या वाटेला जाणाऱ्या शंभरातल्या एकाचा मार्ग बदलला की दगडात साठणाऱ्या आर्गॉनचा हिशोबही तेवढा बदलतो. ज्ञात वयाच्या प्रमाण दगडाशी तुलना करणाऱ्या नव्या पद्धतीत बरीचशी चूक आपोआप कटते. पोटॅशियम आणि आर्गॉन वेगवेगळे मोजून काढलेल्या जुन्या वयांना मात्र ही दुरुस्ती लावावी लागते, आणि दगड जितका जुना तितकी ती मोठी होत जाते.